मोठं पुस्तक की पायऱ्यांचा तक्ता? स्तनाच्या कॅन्सरसाठी छोट्या रुग्णालयाने कोणती मानकं धरावीत

गेल्या काही महिन्यांत भंडारा, वर्धा आणि छिंदवाडा इथल्या ओळखीच्या सर्जनांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला. रुग्णालय तीस-पन्नास खाटांचं, स्तनात गाठ असलेल्या बायका येतात, शस्त्रक्रिया तिथेच होतात, केमोही सुरू झाली आहे, आणि आता विश्वस्त म्हणतात की लेखी मानकं ठरवा. कोणती धरायची? अमेरिकेतल्या एनसीसीएनची, की कमी साधनांच्या देशांसाठी केलेली पायऱ्यांची? नागपुरातल्या आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात ही निवड करणाऱ्या समितीत मी होतो. आम्ही आधी एक धरलं, अडीच वर्षं वापरलं आणि मग बदललं. फोनवर प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांनी सांगून झालं, म्हणून आता सगळं एकत्र लिहितो.

दोन्ही कागद तुम्ही चाळलेले असतील असं धरतो. एनसीसीएन म्हणजे तीसेक मोठ्या अमेरिकी कॅन्सर रुग्णालयांच्या गटाची मार्गदर्शक तत्त्वं. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं ‘पुस्तक’ म्हणतात. पायऱ्यांचा विचार आला तो ब्रेस्ट हेल्थ ग्लोबल इनिशिएटिव्हकडून, म्हणजे बीएचजीआयकडून. २००२ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातून, डॉ. बेंजामिन अँडरसन यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झालं. त्यांनी साधनांच्या चार पायऱ्या केल्या: मूलभूत, मर्यादित, वाढीव आणि कमाल. निदान, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, पॅथॉलॉजी अशी प्रत्येक गोष्ट या चार रकान्यांत मांडली. पुढे एनसीसीएननेही स्वतःच्या तत्त्वांना पायऱ्या पाडल्या आणि आपल्याकडे नॅशनल कॅन्सर ग्रिडने भारतासाठी वेगळी तत्त्वं काढली. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी पुस्तकाच्या बाजूने बोलतो, कारण त्याने मला अनेकदा वाचवलं आहे. नोंदणी केली की ते फुकट मिळतं. वर्षातून अनेकदा सुधारतं. निवासी डॉक्टर शिकून येतात तेच त्यातून, त्यामुळे नव्याने काही शिकवावं लागत नाही. आठवड्याच्या बैठकीत वाद झाला की पान उघडायचं आणि वाद मिटतो, ही सोय लहान नाही. अवघड प्रसंगी तर त्याला तोड नाही. एकदा आमच्याकडे सातव्या महिन्यातली एक मुलगी आली, गाठ चांगली चार सेंटिमीटरची. घरचे लोक हादरलेले, सासू म्हणत होती की आधी बाळंतपण होऊ द्या. त्या संध्याकाळी पुस्तक समोर ठेवून आम्ही सगळं ठरवलं. पहिले तीन महिने उलटल्यावर ठरावीक केमो देता येते. टॅमॉक्सिफेन, ट्रास्टुझुमॅब ही औषधं आणि रेडिएशन बाळंतपणानंतरच. पायऱ्यांच्या तक्त्यात एवढ्या बारकाईने हे मिळालं नसतं. पुरुषांचा स्तनकर्करोग, परत उलटलेला आजार, दोन्ही बाजूंच्या गाठी, अशा ठिकाणी मी आजही पुस्तकच उघडतो.

मग बदललं का? एका बाटलीमुळे. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्यासाठी निर्णय तिनेच केला.

गोंदियाच्या पलीकडून एक बाई आल्या. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, घरी धानाची शेती. सोबत नवरा आणि त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सलाइनची बाटली, तोंड कापून वर चिकटपट्टी लावलेली, आत गाठ. कुठल्यातरी छोट्या दवाखान्यात भूल देऊन गाठ काढली होती आणि ‘नागपूरला नेऊन तपासून घ्या’ म्हणून हातात दिली होती. त्याला आठ दिवस झाले होते. नवरा म्हणाला, “गाठ तं काढून आणली साहेब, आता फक्त तपासून सांगा, काय आहे तं.”

आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी बाटली उघडली आणि मला बोलावून घेतलं. कॅन्सर आहे एवढं सांगता येईल म्हणाल्या, पण प्रत, म्हणजे तो किती आक्रमक आहे, ते सांगणं कठीण, आणि रिसेप्टर, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी पेशींवरची प्रथिनं, तपासून उपयोग नाही. कारण आपल्याला सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आपण ते गृहीत धरतो. ऊती शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. गाठ मोठी असेल तर चिरून ठेवायची, नाहीतर मधला भाग सडतो. आणि ती त्यात सहा तासांपेक्षा कमी नको, बहात्तर तासांपेक्षा जास्त नको. मिठाच्या पाण्यात आठ दिवस राहिलेल्या तुकड्यात ईआर, म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, निगेटिव्ह आला तर तो खरा निगेटिव्ह की प्रथिनच नासलं, हे कुणीही सांगू शकत नाही.

आणि हा प्रश्न नुसता कागदावरचा नव्हता. ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने स्तनकर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, आणि ही काही रुपयांची गोळी आहे, गोंदियातही मिळते. म्हणजे आपल्या भागातल्या बाईला परवडेल, घरी बसून घेता येईल असा सगळ्यांत मोठा उपाय त्या बाटलीत बुडाला होता. शेवटी आम्ही पुन्हा शस्त्रक्रिया केली. काखेतल्या एका गाठीत आजार निघाला, त्या तुकड्यावर रिसेप्टर केले आणि ते पॉझिटिव्ह आले. सुदैव म्हणायचं, पण काखेत आजार निघणं हे सुदैव कसं म्हणावं? यात सहा आठवडे गेले. मधे कापणी आली म्हणून नवरा दोनदा गावी जाऊन आला.

त्या रात्री मी पुस्तक काढून तपासलं. रिसेप्टरबद्दल मुख्य पानावर एक ओळ आहे: ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) आणि हर-टू हे तीन रिसेप्टर ठरवा. मागे, तत्त्वांच्या पानांवर, तपासणीच्या दर्जाचा उल्लेख आहे. पुस्तक चुकीचं नाही, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. ज्या रुग्णालयांसाठी ते लिहिलं आहे तिथे त्या एका ओळीच्या मागे शंभर माणसं उभी असतात. आमच्याकडे त्या ओळीच्या आधीची दहा कामं कुणाचीच नव्हती. बाटली कुणी भरायची, वेळ कुणी लिहायची, बाहेरून आलेला तुकडा कुणी पाहायचा, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, नातेवाइकांच्या हातात द्यायचा की नाही, यांपैकी काहीच ठरलेलं नव्हतं. आणि त्याहून टोचलं ते हे, की पुस्तकावरून आम्ही जी तपासणी-यादी केली होती तिच्यात त्या बाईंच्या नावापुढे ‘आयएचसी: केले’, म्हणजे रिसेप्टरची तपासणी झाली, अशी खूण होती. पहिल्या तुकड्यावर नमुना पाठवला होता म्हणून खूण. अहवालात ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं होतं, तरी आमच्या यादीत आम्ही पास होतो.

त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. आकडे मांडले नाहीत, ते मांडायला हवे होते. पण त्या एका पावसाळ्यात बाहेर गाठ काढून आलेल्या अशा चौघी मला आठवतात. एकीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये होता पण बाटली इंजेक्शनच्या कुपीएवढी. एकीकडे अहवाल होता, ब्लॉक नव्हता. एकीकडे काहीच नव्हतं, “डाक्टर म्हणले साधी गाठ होती, फेकून देली.” आणि याच काळात आमच्या बैठकीत निवासी डॉक्टर जनुकीय चाचण्यांवर अर्धा-अर्धा तास बोलत होते. दोष त्यांचा नाही. पुस्तकात त्या चाचण्या ठळक आहेत, म्हणून बोलणं तिकडे जायचं.

आता पायऱ्यांच्या तक्त्याकडे. २००७ मध्ये बुडापेस्टला बीएचजीआयची तिसरी परिषद झाली आणि तिची तत्त्वं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या संचात पॅथॉलॉजीला स्वतंत्र जागा आहे, आणि ती एक तपासणी म्हणून नाही, तर उभी करायची सेवा म्हणून. मला त्यातला एक विचार सगळ्यांत मोलाचा वाटला: खालच्या पायरीवरची गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय वरच्या पायरीवरच्या गोष्टीवर पैसा आणि वेळ घालवू नका. ऐकायला साधं आहे. पण आमच्या रुग्णालयाला लावून पाहिलं तेव्हा धक्का बसला. शस्त्रक्रियेत आम्ही तिसऱ्या पायरीवर, केमोत दुसऱ्या-तिसऱ्यावर, आणि तुकडा हाताळण्यात पहिल्याही पायरीवर नीट नाही. पुस्तक घेऊन अडीच वर्षं बसलो तरी हे दिसलं नव्हतं. ते दाखवणं हे त्याचं कामच नाही. तक्त्यात मात्र ते पहिल्या संध्याकाळी दिसलं.

समितीत विरोध झाला आणि तो रास्त होता. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त, वयाने माझ्या वडिलांसारखे, शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, म्हणजे गरिबांसाठी गरीब उपचार असंच ना?” हा प्रश्न मी टाळू शकत नाही आणि तुम्हीही टाळू नका. तक्ता करणाऱ्यांचं म्हणणं आहे की पायरी म्हणजे जमीन, छप्पर नव्हे. हे खरं आहे, पण कागदावर. प्रत्यक्षात ‘आम्ही मूलभूत पायरीवर आहोत’ हे वाक्य किती पटकन सबब बनतं हे मी आमच्याच वॉर्डात पाहिलं.

नवीन तक्ता लागू होऊन महिना झाला होता. एक शाळेतल्या शिक्षिका, अडतीस वर्षांच्या, गाठ लहान. तक्त्याचा नियम असा की स्तन राखून फक्त गाठ काढायची असेल तर पुढे रेडिएशन हवंच, आणि कडा मोकळ्या आहेत की नाही याचा अहवाल हवा. हे नसेल तर पूर्ण स्तन काढणं सुरक्षित. आमच्याकडे रेडिएशन नाही. म्हणून निवासी डॉक्टरने सरळ पूर्ण शस्त्रक्रियेची वेळ लावली. आमच्या सिस्टर, ज्यांना या वॉर्डात वीस वर्षं झाली, त्यांनी आदल्या दिवशी मला थांबवून विचारलं, “सर, या बाईंना कुणी विचारलं का, त्यांना काय पाहिजे ते?” कुणीच विचारलं नव्हतं. नागपुरात मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, दोन्हीकडे रेडिएशन होतं. बाई राहायला त्रिमूर्तीनगरात. त्यांची गाठ काढली, स्तन राखला, मग रेडिएशन झालं.

त्या दिवशी आम्ही तक्त्यात एक बदल केला, आणि तुम्ही पायऱ्या घेतल्या तर हा बदल आधीच करून घ्या. पायरी आपल्या इमारतीत काय आहे यावरून ठरवायची नाही. समोरची बाई कुठवर पोचू शकते त्यावरून ठरवायची. त्रिमूर्तीनगरच्या बाईसाठी आम्ही वरच्या पायरीवर आहोत. गडचिरोलीहून येणाऱ्या बाईसाठी तेच रेडिएशन पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. पाच आठवड्यांच्या पंचवीस फेऱ्या म्हटल्या की ती हो म्हणते आणि दुसऱ्या आठवड्यात दिसत नाही. लोक अजून ‘लाइट घ्यायला जायचं’ म्हणतात. पंचवीस लाइट म्हणजे रोवणी हुकली, पोरांची शाळा हुकली. तीन आठवड्यांत पंधरा फेऱ्यांचा पर्याय ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांतून केव्हाच सिद्ध झाला आहे, आणि यात पुस्तक आणि तक्ता दोन्ही एकच सांगतात. फरक एवढाच की पायऱ्यांमुळे आम्हाला पाठवायच्या चिठ्ठीवरच बाईचं गाव आणि राहायची सोय लिहायची सवय लागली. नुसता रोग लिहून पाठवणं बंद झालं.

दुसरा आक्षेप वयाचा. बीएचजीआयचे मूळ तक्ते जुने आहेत, आणि हर-टूच्या बाबतीत हे फार जाणवतं. तेव्हा हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब एवढं महाग होतं की ते वरच्या रकान्यांतच असणार. पण २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, आणि भारतात बनलेले बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याच जोडीची औषधं, तीही आली. म्हणजे औषध दोन पायऱ्या खाली उतरलं आणि जुना तक्ता तिथेच राहिला. जुना तक्ता जसाच्या तसा भिंतीवर लावला तर आज देता येणारं औषध आपण ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडून देऊ. ही खरी भीती आहे.

इथे नॅशनल कॅन्सर ग्रिड उपयोगी पडतं. २०१२ मध्ये सुरू झालेलं, टाटा मेमोरियलच्या समन्वयाखाली चालणारं हे जाळं. तीनशेहून जास्त संस्था त्यात आहेत. त्यांच्या तत्त्वांत अत्यावश्यक, योग्य आणि ऐच्छिक अशी तिहेरी वर्गवारी येते, आणि ती इथल्या किमती आणि इथले रुग्ण पाहून केलेली असते. आपल्याकडच्या बायका पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा साधारण दशकभर लवकर आजारी पडतात, ट्रिपल निगेटिव्हचं, म्हणजे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या आजाराचं, प्रमाणही जास्त, हे लिहिणाऱ्याला माहीत असलं तर पानाचा सूरच बदलतो. म्हणून आमची रचना अशी झाली: सांगाडा पायऱ्यांचा, औषधं ग्रिडची, आणि अडलं तर पुस्तक. ज्यांना पुस्तक सोडवतच नाही त्यांच्यासाठी एनसीसीएनच्या स्वतःच्या पायऱ्याही आहेत: मूलभूत, गाभा आणि वाढीव. त्यात मूळ पान तसंच ठेवून त्या पातळीवर न जमणारा मजकूर फिका केलेला असतो. हा मधला मार्ग वाईट नाही. मला स्वतःला तो थोडा निरुत्साही वाटतो, कारण फिका मजकूर वाचताना डोळा सारखा ‘आपल्याकडे काय नाही’ तिकडेच जातो. पण हे माझ्या डोळ्याचं म्हणणं, तुमचं वेगळं असू शकतं.

इथे टाटाच्या एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती अर्धा टक्का लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं औषध, टोचायचं, एवढंच. भारतातल्या अकरा केंद्रांत जवळपास सोळाशे बायकांवर ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. प्रत्येक शस्त्रक्रियागृहात, अगदी तालुक्यालाही, लिग्नोकेन असतं. पायऱ्यांचा तक्ता आपला आपण लिहीत असल्यामुळे आम्ही ते सरळ सगळ्यांत खालच्या पायरीवर लिहून टाकलं. कमी साधनांच्या जागी असा शोध लागतो, आणि आपण तो स्वतःच्या कागदावर चढवू शकतो, याचा मला मनापासून अभिमान आहे.

तपासणी-शिबिरांबद्दल लवकर आटोपतो. पुस्तक चाळिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफी सांगतं. आपला राष्ट्रीय कार्यक्रम ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी सांगतो. मुंबईत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं चाललेल्या टाटाच्या अभ्यासात हाताने तपासून आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. आपल्या भागासाठी यात मला निवडण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही. मॅमोग्राफीची गाडी देणगीत मिळत असेल तर घ्या, पण आशाताईंच्या प्रशिक्षणाचे पैसे तिच्यासाठी वळवू नका.

पायऱ्यांसोबत आणखी एक गोष्ट आली, आणि तिने आमचं रोजचं काम सगळ्यांत जास्त बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनकर्करोगाचा जागतिक उपक्रम सुरू केला. त्याची तीन मापं आहेत. साठ टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. पहिल्यांदा दाखवल्यापासून साठ दिवसांत निदान पुरं व्हावं. आणि ऐंशी टक्के बायकांचे उपचार पूर्ण व्हावेत. श्रीमंत देशांत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, भारतात ते ६६ टक्के, असं याच संघटनेचं म्हणणं आहे. हा फरक शेवटच्या ओळीतल्या महागड्या औषधांनी पडला असेल असं मला तरी वाटत नाही. तो या तीन ठिकाणी पडतो.

साठ दिवस मोजायला गेलो तेव्हा पहिली अडचण आली ती मोजायला सुरुवात कुठून करायची ही. आम्ही आमच्या दारात आल्याची तारीख धरत होतो आणि खूश होतो. ‘पहिल्यांदा दाखवल्यापासून’ असं वाचलं आणि केसपेपरवर एक प्रश्न वाढवला: गाठ पहिल्यांदा कुणाला दाखवली, कधी? उत्तरं तारखेत येत नाहीत. “पोळ्याच्या आधी.” “रोवणी चालू होती तेव्हा.” “दिवाळी झाल्यावर, लग्नाच्या गडबडीत राह्यलं मंग.” आमच्या सिस्टर पंचांग घेऊन बसतात आणि सणावरून तारीख काढतात. त्यानंतर आमचे दिवस एकदम फुगले. आमच्या दारात यायच्या आधीच अनेकींचे साठ दिवस संपलेले असतात. ते कुठे संपतात हे कळल्यावर काम कुठे करायचं तेही कळलं, म्हणजे आमच्या वॉर्डात नाही, तर पहिल्या दवाखान्यात.

ऐंशी टक्क्यांच्या मापाबद्दल एकच सांगतो. केमोचं चौथं सायकल महालक्ष्म्यांच्या सणात आलं तर बाई येत नाही. हे आधीच धरून आता सायकलची तारीख ठरवताना आम्ही बाईलाच विचारतो. बालाघाट, सिवनीकडून येणाऱ्या बायका नागपुरात नातेवाइकांकडे उतरतात, त्यांचा फोन नंबरही घेतो. पुस्तकात असलं काही सापडणार नाही, आणि खरं सांगायचं तर तक्त्यातही नाही. पण मापं समोर असल्यामुळे आम्ही ते शोधून काढलं.

तुमच्याकडे स्वतःचा पॅथॉलॉजिस्ट, घरचं आयएचसी, दर आठवड्याची ट्यूमर बोर्डाची, म्हणजे सगळ्या शाखांच्या डॉक्टरांची, बैठक आणि जवळ रेडिएशन असेल, तर पुस्तक धरा, काही बिघडणार नाही. नागपुरातल्या मोठ्या संस्थांना मी पायऱ्या घ्या असं सांगणार नाही. पण तुमचा तुकडा बसने दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये जात असेल, तर माझा कल पायऱ्यांकडे आहे, ग्रिडच्या औषधांसह. भंडाऱ्याच्या सर्जनांना मी हेच सांगितलं. वर्ध्याच्या डॉक्टरांना जरा संकोचाने सांगितलं, कारण त्यांच्याकडे आमच्यापेक्षा बरंच जास्त आहे.

आम्ही पहिल्यांदा केलं ते काम अगदी छोटं होतं. रुंद तोंडाच्या, फॉर्मलिन भरलेल्या बाटल्या खोक्यात घालून ज्या-ज्या छोट्या दवाखान्यांतून बायका आमच्याकडे येतात तिथे पाठवल्या. बाटलीवर मराठी आणि हिंदीत तीन ओळी: गाठ काढण्याआधी सुईने तुकडा घ्या किंवा आम्हाला फोन करा. तुकडा लगेच यात टाका, मिठाच्या पाण्यात नको. टाकल्याची वेळ इथे लिहा. सुरुवातीला काही जणांना राग आला, आम्हाला शिकवता का म्हणून. मी स्वतः जाऊन चहा घेऊन आलो. आता बाटल्या संपल्या की त्यांचाच फोन येतो.

निवड करण्याआधी तुम्ही एवढं करून पाहा. उद्या सकाळी तुमच्या लॅबमध्ये जा आणि स्तनाच्या तुकड्यांसोबत आलेल्या शेवटच्या दहा चिठ्ठ्या मागवा. तुकडा फॉर्मलिनमध्ये किती वाजता टाकला हे त्यांतल्या किती चिठ्ठ्यांवर लिहिलं आहे ते मोजा. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा दहांपैकी एकाही चिठ्ठीवर वेळ नव्हती, आणि त्यातल्या सहा आमच्याच शस्त्रक्रियागृहातून गेलेल्या होत्या.